चौघांचं बोलणं: संगीतकारानं कोणती क्वार्टेट्स अभ्यासावीत?



आज मी नोएडातून बोलतोय. तुम्ही कुठे कुठे असाल: पुण्यात, नागपुरात, बेळगावात, इंदुरात, बडोद्यात, पणजीत, नाहीतर इथेच मेट्रोत, कानात हेडफोन घालून. विषय जरा आडवाटेचा आहे. पण चाली बांधणाऱ्या, नाटकांना नाहीतर लघुपटांना संगीत देणाऱ्या तरुण मंडळींकडून एक प्रश्न हल्ली वरचेवर येतो. ‘मला स्ट्रिंग क्वार्टेट लिहायला शिकायचंय. अभ्यासाला कोणती घेऊ?’

या प्रश्नावर लोक सहसा एक यादी पाठवून देतात. चाळीस नावं, पन्नास नावं. विचारणारा पहिली तीन ऐकतो, चौथ्याला झोप लागते आणि विषय संपतो. म्हणून आज यादी देणार नाही. निवड कशी करायची आणि निवडलेल्या एका रचनेतून शिकायचं कसं, एवढंच बोलू या.

आधी शब्दाबद्दल. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी, थोडी खर्जातली बहीण. चेलो त्याहून एक सप्तक खाली. चार माणसं अर्धवर्तुळात बसतात. समोर कंडक्टर नाही, तालाला तबला नाही, सुराला तानपुरा नाही. जर्मन कवी गटे यानं म्हटलं होतं की क्वार्टेट ऐकताना चार समंजस माणसं एकमेकांशी बोलताहेत असं वाटतं. माझ्या मते या प्रकाराची याहून चांगली व्याख्या नाही.

आपल्याला याचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे राग आहे, बंदिश आहे, लावणी आहे, भजनाचा ठेका आहे. मग युरोपातला अडीचशे वर्षांपूर्वीचा प्रकार कशाला गिरवायचा?

माझं उत्तर साधं आहे. क्वार्टेटमध्ये लपायला जागा नसते. आज संगणकावर ‘स्ट्रिंग्ज’ नावाचा आवाज निवडायचा आणि कीबोर्डवर तीन बोटं दाबायची, की साठ व्हायोलिनं एकदम वाजल्यासारखं वाटतं. लगेच भव्य वाटतं. त्या भव्यतेखाली काय चाललंय ते कळत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. मधला स्वर कुठून आला, कुठे गेला, याचा हिशेब कुणी मागत नाही. क्वार्टेटमध्ये प्रत्येक स्वर कुणा एका माणसाच्या वाट्याला येतो. तो माणूस गज उचलतो, श्वास घेतो, वाजवतो. त्या स्वराला अर्थ नसेल तर वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

दुसरं कारण पोटापाण्याचं आहे. मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंमध्ये एके काळी व्हायोलिनच्या रांगा असत. त्या रांगांत गोव्याची माणसं मोठ्या संख्येनं होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातले. ज्यांच्याकडे पुढचे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन शिकले, ते. त्यांनी १९५८ मध्ये भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला होता. नंतर सिंथेसायझर आला, मग संगणक आला, आणि रांगा रिकाम्या झाल्या. आता साठ वादकांचे पैसे कुणाकडेच नाहीत, हे मान्य. पण चार वादकांचे आहेत. एका लघुपटाच्या, एका नाटकाच्या खर्चात चार माणसं अजून बसतात. अडचण अशी की या चौघांसाठी लिहिता येणारे संगीतकार कमी. लिहिता येत नाही म्हणून बोलावत नाहीत, बोलावत नाहीत म्हणून वादक वाद्य बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागतात. क्वार्टेटचा अभ्यास हा या साखळीची एक कडी तोडण्याचा मार्ग आहे.

दिल्लीतला विसरलेला धागा

‘हे सगळं परकं आहे’ असं म्हणण्याआधी आपल्याच शहरांत काय होऊन गेलं ते पाहू.

जॉन फोल्ड्स हे मँचेस्टरचे संगीतकार. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्यांनी ‘अ वर्ल्ड रिक्विएम’ लिहिलं आणि १९२० च्या दशकात ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालं. हे गृहस्थ १९३५ मध्ये भारतात आले आणि पुढे दिल्लीत ऑल इंडिया रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. इथे त्यांनी भारतीय वादकांना स्वरलिपीवरून वाजवायला शिकवलं आणि भारतीय व युरोपीय वाद्यांचा एकत्र वृंद बांधला. हार्मोनियमवर त्यांचा राग होता. पेटीच्या ठरावीक पट्ट्यांत आपल्या श्रुती मावत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली, तिच्या मागे जी मतं होती त्यांत त्यांचंही मत होतं. आपण मराठी माणसं पेटीवर जीव टाकणारी, त्यामुळे हे पटायला जड जाईल. पण मुद्दा लक्षात घ्या: व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांना पट्ट्या नाहीत. मींड, आंदोलन, कणस्वर, सगळं त्यात आहे. फोल्ड्स यांनी भारतात येण्यापूर्वीच ‘क्वार्टेटो इंतिमो’ नावाचं क्वार्टेट लिहिलं होतं आणि त्यात पाव स्वरांचाही वापर केला होता. १९३९ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं ते गेले. त्यांच्या पुढच्या क्वार्टेटचा फक्त संथ भाग आज उरला आहे. बाकी कागद हरवले.

दुसरे वॉल्टर कॉफमन. कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार. हिटलरच्या काळात युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईत आले, १९४६ पर्यंत राहिले. त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. मेहली मेहता व्हायोलिनवर, कॉफमन स्वतः पियानोवर, आणि दर आठवड्याला मैफल. तुम्ही म्हणाल, हे नाव कधी ऐकलं नाही. नाव ऐकलं नसेल, संगीत ऐकलंय. आकाशवाणीची सभा सुरू होण्याआधी तानपुऱ्यावर व्हायोलिनची ती जी सुरावट वाजते ती कॉफमन यांची मानली जाते. ज्या माणसाची सुरावट आपल्या आजी-आजोबांनी रोज पहाटे ऐकली, त्यानं दहापेक्षा जास्त क्वार्टेट्स लिहिली आहेत. त्यांतलं सातवं आणि अकरावं टोरंटोच्या एआरसी ऑन्सॉम्ब्ल या संचानं ध्वनिमुद्रित केलं आणि २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं.

पुढे १९६० च्या दशकात हान्स-योआखिम कोएलरॉयटर दिल्लीच्या मॅक्स म्यूलर भवनात आले. ब्राझीलमध्ये ज्यांनी जोबीमला शिकवलं, तेच हे. दिल्ली स्कूल ऑफ म्युझिक उभं करण्यात त्यांचा हात होता. त्याच दशकात वनराज भाटिया दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवत होते. लंडन आणि पॅरिसला शिकून आलेला हा माणूस पुढे ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘भारत एक खोज’ यांचं संगीत देतो. त्या पार्श्वसंगीतातली स्वरांची काटकसर कुठून आली, याचं उत्तर त्यांच्या शिक्षणात सापडतं.

म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं हा प्रकार आपल्या अंगणात आहे. आपण तिकडे वळून पाहिलं नाही, एवढंच.

आधी अडचण ओळखा

आता मुख्य गोष्ट. प्रेरणा देणारं क्वार्टेट शोधायचं असेल तर ‘सर्वांत महान कोणतं?’ असं विचारू नका. ‘माझं कुठे अडतंय?’ असं विचारा. वैद्याकडे गेल्यावर आपण ‘सर्वांत चांगलं औषध द्या’ म्हणत नाही, कुठे दुखतंय ते सांगतो. नेहमीच्या पाच दुखण्यांवर बोलतो.

पहिलं दुखणं: चाल पहिल्या व्हायोलिनकडेच राहते आणि बाकीचे तिघं नुसते स्वर धरून बसतात. यावर हायडन. त्यांची १७७२ ची ओपस २० आणि १७८१ ची ओपस ३३ ही सहा-सहा क्वार्टेट्सची दोन पुस्तकं. ओपस २० मधल्या तीन क्वार्टेट्सचा शेवट फ्यूगनं होतो. एक जण वाक्य सुरू करतो, ते संपण्याआधी दुसरा तेच वाक्य घेऊन येतो, मग तिसरा, मग चौथा. इथे ‘साथीदार’ नावाची जातच उरत नाही. ओपस ३३ मध्ये तेच समानतेचं वागणं हलकं, हसतं होतं. चाल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते आणि ज्याच्या हातून गेली तो क्षणात साथ करू लागतो.

त्यातलं दुसरं क्वार्टेट ‘द जोक’ म्हणून ओळखलं जातं. शेवटी हायडन मुख्य चालीचे तुकडे करतात आणि मध्ये शांतता ठेवतात. श्रोत्याला वाटतं, संपलं. पुन्हा एक तुकडा. आता संपलं. लांब शांतता. आणि मग चालीची पहिलीच ओळ वाजते आणि तिथेच खरोखर संपतं! टाळ्या कधी वाजवायच्या, कुणालाच कळत नाही. आपल्याकडे तिहाई श्रोत्याला समेवर अचूक आणून सोडते. हायडन तीच अपेक्षा तयार करतात आणि मुद्दाम तिला हुलकावणी देतात. ज्याला तिहाईचं सुख माहीत आहे त्याला हा विनोद युरोपातल्या श्रोत्याइतकाच कळतो.

दुसरं दुखणं: संथ लयीत लिहिलं की दोन मिनिटांत कंटाळवाणं होतं. यावर बेथोवन, ओपस १३२, तिसरा भाग. १८२५ मध्ये मोठ्या आजारातून उठल्यावर त्यांनी तो लिहिला, देवाचे आभार मानण्यासाठी. या भागासाठी त्यांनी लिडियन स्वरपंक्ती घेतली. फ हा षड्ज धरला तर यात मध्यम तीव्र लागतो, म्हणजे आपल्या कल्याण थाटाचे स्वर. म्हणून लगेच ‘बेथोवननं यमन वाजवला’ असं म्हणू नका. यमनाचं चलन, त्याचे न्यास, त्याचा नी-रे-ग, त्यात काही नाही. स्वर तेच, माणूस वेगळा. पण यातूनच शिकायचंय. संथ भागाची आभाराची धून तीन वेळा येते आणि मध्ये दोनदा वेगळ्या स्वरातला, उजळ चालीचा तुकडा येतो. त्याला ते नव्यानं आलेली शक्ती म्हणतात. धून परत येते तेव्हा ती तीच असते, पण आतले आवाज जास्त हलू लागलेले असतात. विलंबित ख्यालात मुखडा तोच राहतो आणि मधला विस्तार बदलतो, तसंच काहीसं. ठाय लय टिकते ती आतल्या हालचालीवर, हे इथे डोळ्यांना दिसतं.

तिसरं दुखणं: आपल्या मातीतलं काही घ्यायचं म्हटलं की त्याचा ‘फोक टच’ होतो. वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखा. यावर बार्टोक, चौथं क्वार्टेट, १९२८. बार्टोक फोनोग्राफ घेऊन हंगेरी, स्लोव्हाकिया, रुमानियाच्या गावांत हिंडले आणि हजारो गाणी जमवली. चौथ्या क्वार्टेटमध्ये तुम्हाला एकही लोकगीत जसंच्या तसं सापडणार नाही. त्या गाण्यांची हाडं मात्र सापडतील: लहान पल्ल्याचे स्वर, विषम आघात, गावरान ठसका. पाच भाग आहेत आणि आरशासारखे मांडलेले. पहिला आणि पाचवा जोडीचे, दुसरा आणि चौथा जोडीचे, मध्ये तिसरा. दुसऱ्या भागात चौघांच्याही तारांवर म्यूट, म्हणजे दबका, कुजबुजता आवाज. चौथ्यात गज पूर्ण बाजूला, फक्त बोटांनी छेडणं, आणि काही ठिकाणी तार इतकी ओढायची की ती वाद्याच्या पट्टीवर आपटून टाळी वाजल्यासारखी वाजावी. मधल्या भागात तिघं एक स्वरपुंज धरून बसतात आणि चेलो एकटा गातो. धरलेल्या सुरावर एकट्याचं गाणं! हे ऐकून आपल्याला परकं वाटायचं कारणच नाही. पोवाडा किंवा गोंधळ घेऊन काम करू पाहणाऱ्यानं हा धडा गिरवावा: चाल उचलू नका, चालीचा स्वभाव उचला.

चौथं दुखणं: कल्पना खूप, पण तुकडा एकसंध होत नाही. यावर शोस्ताकोविच, आठवं क्वार्टेट. १९६० च्या जुलैमध्ये जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या एका गावी त्यांनी ते तीन दिवसांत लिहिलं. पाच भाग, मध्ये थांबा नाही. पूर्ण रचना चार स्वरांवर उभी आहे. हे स्वर त्यांच्या नावाच्या जर्मन आद्याक्षरांतून आले. आपल्या भाषेत, सी हा षड्ज धरून: रे, कोमल ग, सा, शुद्ध नी. पेटीवर वाजवून बघा. रडवेले, अवघडलेले चार स्वर. ते कधी कुजबुजतात, कधी किंचाळतात, कधी वाल्ट्झच्या ठेक्यावर नाचतात. इतकी कमी सामग्री आणि एवढं मोठं घर. ज्याच्याकडे कल्पनांची गर्दी आहे त्यानं एक आठवडा फक्त चार स्वर घेऊन बसावं.

पाचवं दुखणं आपलं खास आहे: राग चौघांत कसा वाटायचा? एकाच्या स्वराखाली दुसऱ्याचा स्वर आला की कॉर्ड होते, आणि कॉर्ड झाली की राग निसटतो. यावर रीना इस्माइल यांचं ‘रागमाला’ ऐका. त्या भारतीय वंशाच्या अमेरिकन संगीतकार. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर भारतात येऊन हिंदुस्थानी संगीत शिकल्या, लक्ष्मी शंकर आणि गौरव मजुमदार यांच्याकडे. २०१३ च्या या क्वार्टेटमध्ये चार भाग आणि चार राग: बिहाग, मालकंस, बसंत, जोग. सगळं तुम्हाला पटेलच असं नाही. घराण्यात वाढलेला कान एखाद्या जागी ‘इथे असं नको होतं’ म्हणेल. म्हणू द्या. नेमकं कुठे पटलं नाही ते खूण करून ठेवा. तुमच्या स्वतःच्या रचनेची सुरुवात त्या खुणेपासून होणार आहे.

याच वाटेवर क्रोनोस क्वार्टेट भेटतं. सॅन फ्रान्सिस्कोचा हा संच. पंडित रामनारायण यांच्या सारंगीवरचा मिश्र भैरवीचा आलाप त्यांनी चार वाद्यांसाठी करून २००९ च्या ‘फ्लडप्लेन’मध्ये वाजवला. त्याआधी २००५ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या आशा भोसले यांना घेऊन त्यांनी आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा अख्खा संग्रह केला, झाकीर हुसेन यांच्या साथीनं. गाण्यांची मांडणी करणाऱ्यांसाठी तो उत्तम पाठ आहे. मूळ गाणं पाठ असल्यामुळे कुठलं वाद्य कशाच्या जागी आलं, हे तुम्हाला आपोआप कळतं. शिकायला याहून सोपी सुरुवात नाही.

अभ्यास म्हणजे काय करायचं?

ऐकणं म्हणजे अभ्यास नव्हे. कामाची पद्धत सांगतो.

एकच रचना निवडा, तिचा एकच भाग निवडा. महिनाभर तोच. आधी स्वरलिपी न पाहता तीनदा ऐका आणि कागदावर वेळेप्रमाणे नोंद करा: इथे वळलं, इथे पातळ झालं, इथे अंगावर आलं. मग स्वरलिपी उघडा आणि त्या त्या जागी काय लिहिलंय ते पाहा. उलट क्रमानं करू नका. आधी कानाला प्रश्न पडू द्या, मग डोळ्यानं उत्तर शोधा.

पुढे, चारही ओळी एकेक करून गा. हो, गा. आपण गाणाऱ्यांच्या देशातले आहोत. व्हिओलाची ओळ गाताना कळतं की हायडन मधल्या माणसालाही गाण्यासारखं काही देतात. आपल्या रचनेची मधली ओळ गाऊन बघितली की बहुतेक वेळा कळतं, आपण काहीच दिलेलं नाही.

मग उतरवून काढा. हातानं. हा शाळकरी सल्ला नाही. बेथोवन आपली पहिली सहा क्वार्टेट्स लिहीत होते त्या काळात त्यांनी मोझार्टची क्वार्टेट्स स्वतःच्या हातानं उतरवून घेतली होती. मोझार्टनं आपली सहा क्वार्टेट्स हायडनना अर्पण केली, १७८५ मध्ये, आणि अर्पणपत्रिकेत लिहिलं की ही दीर्घ कष्टांची फळं आहेत. मोझार्टला कष्ट पडले! ही साखळी बघा: हायडन, त्यांच्याकडे पाहून मोझार्ट, मोझार्टला उतरवून बेथोवन. आपल्याकडे ज्याला तालीम म्हणतात तीच ही, फक्त गुरू कागदावर.

शेवटी त्याच नमुन्यावर स्वतःचे सोळा बार लिहा. संपूर्ण क्वार्टेट नको. सोळा बार.

लिहिताना एक व्यवहारातली गोष्ट. आपण पेटीवर चाल करतो आणि बहुधा काळी एक हा षड्ज धरतो, कारण गळ्याला ती सोयीची. पण व्हायोलिनच्या मोकळ्या तारा आहेत जी, डी, ए, ई. व्हिओला आणि चेलोच्या सी, जी, डी, ए. काळी एकचा सा किंवा प यातल्या एकाही मोकळ्या तारेवर नाही. चौघंही सतत बोट दाबून वाजवतात, वाद्य खुलत नाही आणि तुम्हाला वाटतं वादक कच्चे आहेत. तीच चाल पांढरी दोनवर न्या. आता सा म्हणजे डी, प म्हणजे ए. या दोन्ही तारा चारही वाद्यांवर मोकळ्या आहेत. तानपुरा न ठेवता तानपुऱ्याची आस मिळते. पट्टी अर्ध्या स्वरानं हलवली आणि चार वाद्यं घुमू लागली. अशा गोष्टी संगणक सांगत नाही, कारण त्याच्या लेखी सगळे स्वर सारखे.

दुसरी गोष्ट गजाची. गजाला लांबी असते, संपतो. गायकाला श्वास असतो तसा. ‘इथे वीस सेकंद एकच स्वर, जोरात’ असं लिहिलंत तर वादक मध्ये गज बदलणारच. कुठे बदलायचा ते तुम्ही ठरवा, नाहीतर चौघं चार ठिकाणी बदलतील. मींड हवी असेल तर कुठल्या स्वरापासून कुठल्या स्वरापर्यंत आणि किती वेळात, हे लिहा. नुसतं ‘भावपूर्ण’ लिहून भागत नाही.

साहित्य कुठे, माणसं कुठे?

हायडन, मोझार्ट, बेथोवन, देब्युसी, राव्हेल यांच्या स्वरलिपी आयएमएसएलपी या इंटरनेटवरच्या संग्रहात विनामूल्य आहेत. भारतीय कायद्यानं रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. बार्टोक १९४५ मध्ये गेले, म्हणजे त्यांची क्वार्टेट्स आपल्याकडे मोकळी आहेत. शोस्ताकोविच १९७५ मध्ये गेले. त्यांची स्वरलिपी विकत घ्या किंवा ग्रंथालयात पाहा. क्रोनोस क्वार्टेटनं ‘फिफ्टी फॉर द फ्यूचर’ नावाचा उपक्रम केला: जगभरातल्या संगीतकारांकडून नव्या पन्नास रचना लिहवून घेतल्या आणि स्वरलिपी, ध्वनिमुद्रण सगळं विनामूल्य ठेवलं. त्यात झाकीर हुसेन यांचीही रचना आहे. नव्यानं शिकणाऱ्या वादकांसाठीच त्या लिहवून घेतल्यामुळे आपल्या कामाच्या.

दिल्लीत राहणाऱ्यांसाठी: चाणक्यपुरीत दिल्ली स्कूल ऑफ म्युझिक आहे, ग्रेटर नोएडात ग्लोबल म्युझिक इन्स्टिट्यूट आहे, मंडी हाउसला कमानी सभागृह आहे, लोधी रोडच्या बाजूला हॅबिटॅट सेंटर आणि इंडिया इंटरनॅशनल सेंटर आहे. कस्तुरबा गांधी मार्गावर मॅक्स म्यूलर भवन आहे आणि त्याच रस्त्यावर आपलं नवं महाराष्ट्र सदन आहे. थालीपीठ खायला त्या रस्त्यावर जाणाऱ्या मराठी माणसानं एकदा मैफल ऐकायलाही जावं. मुंबईकरांना एनसीपीए आहे. गोव्यात तर व्हायोलिन शिकलेलं कुणीतरी गल्लीत भेटेल.

पण चार वादक मिळणं कुठेही सोपं नाही, दिल्लीत तर नाहीच. व्हायोलिन वाजवणारे मिळतात, चेलो वाजवणारे मोजके, व्हिओला वाजवणारे त्याहून कमी. म्हणून चौघांची वाट बघत बसू नका. दोघांसाठी लिहा: एक व्हायोलिन, एक चेलो. तेही नसेल तर एका व्हायोलिनसाठी लिहा आणि ओळखीच्या वादकाला चहाला बोलवा. आपल्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवणारे आहेत. दातारबुवांच्या गायकी अंगाच्या वादनावर वाढलेले कान आहेत. अशा वादकाकडून सोळा बार वाजवून घ्या, तो कुठे अडला ते बघा, त्याला विचारा. आणि बोलावलंत तर मानधन द्या. थोडं द्या, पण द्या. ‘तुझी प्रसिद्धी होईल’ यावर कुणाचं घर चालत नाही.

एक शेवटचं. कुठलं क्वार्टेट प्रेरणा देईल, हे दुसऱ्यानं सांगून कळत नाही. मी नावं दिली ती दारं आहेत. एखाद्याला बेथोवनपाशी काहीच वाटणार नाही आणि कॉफमनच्या अकराव्यापाशी तो थबकेल. खूण अशी की ऐकताना ‘वा’ म्हणून थांबता येत नाही. ‘हे केलं कसं?’ असा प्रश्न पडतो. तो प्रश्न जिथे पडेल तिथे बसा. बाकीची यादी सोडून द्या, ती कुठे पळून जात नाही.

आता गृहपाठ. या आठवड्यात हायडनचं ओपस ३३, क्रमांक २ काढा. त्याचा शेवटचा भाग साधारण तीन-चार मिनिटांचा आहे. तो ऐका, व्हिओलाची ओळ गा आणि शेवटच्या शांततांमध्ये मनातल्या मनात मात्रा मोजा. मग तुमची एक चाल पांढरी दोनवर घ्या आणि तिचे आठ बार दोन वाद्यांसाठी लिहा. दुसऱ्या वाद्याला साथ देऊ नका, उत्तर द्यायला लावा.

पुढच्या भागात व्हिओलाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.